दऱ्याकाठचा मुक्काम

मांजरसुंबा हे नाव ऐकलेली माणसे पुष्कळ असतात, पण गाव पाहिलेली थोडी. बहुतेकांनी पाहिलेला असतो तो चौक. धुळ्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि अहिल्यानगरकडून जामखेड-पाटोदा करीत केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. एसटी थांबते, उतारू चहा घेतात, कुणी दुसरी गाडी पकडतात आणि निघून जातात. मांजरसुंब्याला मुक्कामाला म्हणून सहसा कुणी येत नाही. चौकातून थोडे आत गेले की बालाघाटचे पठार एकाएकी तुटते, काळ्या कातळाचे कडे लागतात आणि त्यांच्या पोटात खोल दरे उघडतात, याची त्या उतारूंना कल्पनाही नसते.

आमचेही या चौकाशी नाते निघून जाण्याचेच होते. दसऱ्याच्या पुढेमागे इथून ऊसतोड कामगारांचे ट्रक सुटत. भांडीकुंडी, सरपण, शेळी, कोंबड्या, अंथरुणांची बोचकी आणि त्यांच्यावर बसलेली आम्ही पोरे. काही ट्रक पश्चिम महाराष्ट्रात जात, काही कर्नाटकात. आमच्या बिरादरीत ऊसतोडीला जाणारी घरे थोडी होती. पण ज्यांच्याजवळ फक्त कोरडवाहू तुकडा होता, त्यांच्या दारी दुष्काळ काही जात-जमात विचारून येत नसे. अब्बा आणि अम्मी मिळून एक कोयता. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला असेच म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पाच-सहा महिने तोडत राहायचे. असे नऊ हंगाम त्या दोघांनी काढले. मग अब्बा बीडला हमालीला लागले आणि आमच्या शाळा टिकल्या.

पुढे आम्ही दोघी बहिणी लग्न होऊन गेलो, एक सोलापूरला, एक परभणीला. थोरला भाऊ पिंपरीत कारखान्यात लागला. धाकटा गावीच राहिला, अम्मीला सांभाळत आणि अब्बांच्या मागे राहिलेली सहा एकर जमीन कसत. कसत म्हणायचे इतकेच. दोन एकर बरी काळी जमीन रस्त्याच्या अंगाला, बाकी मुरमाड उतार. आणि तो उतार जिथे संपतो तिथे सरळ दरा.

तंबूत राहण्याची हौस आमच्या घरात आली ती ऑस्ट्रेलियातून. आमची एक खालाजाद बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे पर्थला असते. तिने कुटुंबासह करिजिनी राष्ट्रीय उद्यानात चार रात्री तंबूत काढल्या आणि तिथल्या घळींची चित्रफीत सगळ्या खानदानाला पाठवली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॅमर्सली डोंगररांगेतले हे उद्यान आपल्या बीड जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठे आहे. नाव तिथल्या मूळच्या बंजिमा लोकांचे. लोखंडाने लाल झालेले थरांचे कातळ, अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्या चिरेत उतरणाऱ्या शिड्या, तळाशी हिरवे थंडगार पाणी. आमची पोरे ते वेड्यासारखी पुन्हापुन्हा बघत बसली. "आपल्याकडे असं काही नाही का?" थोरल्याच्या मुलीने विचारले. धाकटा फोनवरच होता. तो म्हणाला, "आहे की. तुझ्या आज्याच्या शेताच्या बांधाखाली आहे. तुम्ही कधी आलातच नाही."

या बोलण्याला आणखी एक कारण होते. रस्ता चौपदरी झाल्यापासून त्या काळ्या दोन एकरांवर दलालांची नजर होती. धाकट्याला पिकअप गाडी घ्यायची होती. सौदा ठरत आला होता, पण सातबाऱ्यावर नावे पाच. शरिअतच्या हिशेबाने अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे ३० गुंठे. उरलेल्या २१० गुंठ्यांत भावांचे सत्तर-सत्तर आणि आम्हा बहिणींचे पस्तीस-पस्तीस. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात. तसा रिवाजच आहे. भाऊ सणाला साडी घेतात, बहिणी सही करतात, आणि माहेरचा दरवाजा उघडा राहतो. आमचीही सही हवी होती. थोरल्याने दोन्ही कामे एकात बसवली. शनिवार १ ऑक्टोबर २०२२ ला सगळ्यांनी जमायचे, दोन रात्री शेतात तंबू टाकून राहायचे, दरे बघायचे आणि सोमवारी सही करून आपापल्या गावी परतायचे.

आम्ही दोघींनी हो म्हटले. अम्मी मात्र म्हणाली, "पाल? मेरेकू नक्को वो पाल. नौ साल पालमेंच काढी मैं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांनी तोडणीवरची कोपी पाहिली नाही त्यांना ते कळायचे नाही. बांबू वाकवायचे, वर चटया किंवा उसाचे पाचट टाकायचे आणि वाकून आत शिरायचे. आत माणूस ताठ उभा राहत नाही. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात झोपलेली पोरे, दारात बांधलेली शेळी. पहाटे तीनला उठून फडात जायचे, आणि रात्री गाडी भरायला बोलावणे आले की पुन्हा उठायचे. अंघोळीला आडोसा नाही, रात्री बाहेर जायचे तर दुसऱ्या बाईला उठवायचे. पिंपरीहून येणारा निळा तंबू कितीही सुंदर असला तरी अम्मीच्या लेखी ती कोपीच होती, आणि पैसे मोजून कोपीत राहणारी आपली मुले तिला खुळी वाटत होती.

तरी शनिवारी दुपारी ती आली. नातवंडांनी ओढून आणली म्हणा. थोरला पिशवीतून दांड्या काढून जोडू लागला. अम्मी बाभळीखाली बसून बघत होती. थोड्या वेळाने उठली, सगळ्या उतारावरून एकदा चालत गेली, पायाने माती उकरून पाहिली आणि काठीने एक जागा दाखवली. इथे का, ते तिने मुलांना सांगितले. पाणी कुठून उतरते ते गवत कुठल्या बाजूला निजले आहे त्यावरून कळते. मुंग्यांची वारुळे कुठे आहेत ते आधी बघायचे. दाराचे तोंड वाऱ्याकडे करायचे नाही. झाडाखाली निजायचे नाही, कारण पाऊस थांबला तरी झाड थेंब गाळत राहते. मग तिने धाकट्याला टिकाव आणायला सांगितला आणि दोन्ही तंबूंभोवती वीतभर खोल चर खणून घेतला. खालच्या अंगाला त्याला तोंड ठेवले. पोरे तिच्या मागेमागे फिरत होती. पर्थच्या चित्रफितीत जे कुणी शिकवले नव्हते ते त्यांना दादी शिकवत होती, आणि दादीच्या आवाजात सकाळचा वैताग उरला नव्हता.

आपले पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य इथून जवळच आहे. १९९४ साली ते जाहीर झाले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. मुलांना तिथे तंबू ठोकायचा होता. पण ते घर मोरांचे; रात्री तिथे बिऱ्हाड टाकणे आपले काम नाही, असे आम्ही समजावले. आपल्या बांधावर राहून दिवसा पायी हिंडायचे, एवढेच ठरले.

मगरिबनंतर चुलीवर ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचे भरीत झाले. चंद्रकोर लवकर मावळली. मग जो अंधार पडला तो शहरातल्या पोरांनी जन्मात पाहिला नव्हता. एका बाजूला दऱ्याचा काळोख आणि त्यातून ओढ्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला दूर घाटातून चढणाऱ्या ट्रकांच्या दिव्यांची रांग. थोरल्याने मुलांना मुहम्मद तुघलकाची गोष्ट सांगितली. राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवणारा तो सुलतान या मुलखातून गेला तेव्हा त्याचा एक दात पडला आणि तो इतमामाने पुरून त्यावर कबर बांधली, अशी आख्यायिका आहे. बीडच्या दक्षिणेला करजणीच्या टेकडीवर ती दाताची कबर दाखवतात. "म्हणजे बादशहाही इथून नुसताच गेला," थोरल्याची मुलगी म्हणाली. "दात तेवढा राहिला," धाकटा म्हणाला आणि सगळे हसले.

इशाच्या वेळी वाद निघाला. थोरला म्हणाला, आपण मुसाफिर, दोन रकाती पढू. मसला वाचकांना ठाऊक आहे. सुमारे ७८ किलोमीटरहून लांब गेलेला आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारा माणूस कसर करतो. पण आपल्या अस्सल वतनात एका रात्रीसाठी आला तरी त्याची नमाज पुरी. मग हे वतन की नाही? थोरल्याने घरदार उचलून पिंपरीत नेले. तेव्हा पहिले वतन सुटले, असे तो म्हणाला. जमीन मागे राहिली असेल तर काय, यावर आलिमांत मतभेद आहेत, हेही त्यानेच सांगितले. आम्हा दोघींचा तर प्रश्नच नव्हता. कायमची सासरी नांदायला गेलेली मुलगी माहेरी मुसाफिर असते, हे परभणीच्या नणंदेने लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजावले होते. ज्या शेतात आम्ही तूर सोंगली, ज्या ओढ्यावर आम्ही कपडे धुतले, तिथे आम्ही मुसाफिर. मसला म्हणून ते आम्ही केव्हाच मान्य केले होते. पण त्या अंधारात, अम्मीच्या शेजारी बसून ते पुन्हा ऐकताना घशाशी काही तरी अडकले.

अम्मी म्हणाली, "मग ज्या कारखान्यावर सहा-सहा महिने राहिले तिथं मी कोण होते?" थोरला म्हणाला, "मुकीम. पंधरा दिवसांवर राहायची नियत असली की मुकीम." अम्मी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नियत कुणाची होती? उचल होती."

धाकट्याने तिढा सोडवला. म्हणजे सोडवला थोरल्यानेच, पण धाकट्याला पुढे करून. इमाम मुकीम असेल तर त्याच्या मागचा मुसाफिरही पुरी नमाज पढतो. आमच्यात बिनवादाचा मुकीम पुरुष एकच होता. चार जमाती शिकलेला, एरवी मशिदीत मागच्या रांगेत उभा राहणारा धाकटा त्या रात्री सतरंजीवर पुढे उभा राहिला, त्याच्या मागे थोरला आणि पोरे, त्यांच्या मागे आम्ही बायका. त्याने सगळ्यात छोट्या सूरा घेतल्या. आम्ही सगळ्यांनी पुऱ्या चार रकाती पढलो.

मध्यरात्री पाऊस आला. तासभर चांगला बडवून गेला. पाणी चरातून खळखळत तंबूंच्या दोन्ही अंगांनी निघून दऱ्यात पडत होते, आत थेंब नव्हता. अम्मी आमच्या तंबूत झोपली होती. बाहेर हात काढून तिने चर चाचपला आणि कुशीवर वळली.

रविवारी सकाळी कपिलधारला गेलो. मांजरसुंब्याच्या जवळच ही घळ आहे. वरून धार कोसळते आणि जवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. 'परमरहस्य' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. कार्तिक पौर्णिमेला इथे यात्रा भरते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून वीरशैव भाविक पायी येतात. मन्मथस्वामींच्याच काळाच्या आगेमागे श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहीत होते. बालाघाटच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक. दोघांनीही आपल्या लोकांशी बोलायला याच मुलखाची भाषा घेतली. आमच्या मुलांना हे दोन्ही नावे नवीन होती, म्हणून तिथेच पायऱ्यांवर बसून सांगितले.

घळीत कातळ नीट बघायला मिळाला. आपले दख्खनचे पठार लाव्हारसाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तो पुन्हापुन्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. करिजिनीच्या कातळापुढे हा कालचा पोर. पण घडण समजावून घेतली तर तोही कमी नाही. सगळे थर सारखे नसतात. काही टणक, काही भुसभुशीत. वरून पडणारे पाणी खालचा मऊ थर आधी कोरते, वरचा टणक थर छपरासारखा पुढे राहतो आणि एके दिवशी कोसळतो. मग धार थोडी मागे सरकते. असे सरकत सरकत घळ पठाराच्या पोटात शिरते. म्हणजे धबधबा जागेवर उभा दिसतो, पण तोही चालत असतो. मुलांनी कड्याखाली पडलेले खोलीएवढे धोंडे मोजले आणि वर मान करून ते कुठून निखळले असतील ते शोधत राहिली.

जुहरची वेळ झाली तेव्हा थोरला जरा घुटमळला. हल्ली कुठे नमाजला उभे राहावे आणि कुठे नाही याचा विचार करावा लागतो. तो म्हणाला, परत जाऊन तंबूवर पढू. आम्ही खाली ओढ्यावर, मंदिरापासून बरेच दूर होतो. वुजूसाठी बाह्या सावरलेल्या पाहून गुरे घेऊन आलेले एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि काय पाहिजे म्हणाले. थोरल्याने सांगितले. ते म्हणाले, "मग इथं चिखलात कशाला? तिकडं झाडाखाली सपाट खडक हाय, सावली बी हाय." आणि वुजू होईपर्यंत आमच्या पिशव्यांजवळ काठी टेकून उभे राहिले, वानरे फार आहेत म्हणून. त्या खडकावर पुन्हा धाकटाच पुढे उभा राहिला. आता त्याला कुणी सांगावे लागले नाही.

दुपारी जीप करून सौताड्याला गेलो. पाटोद्याच्या पुढे, जामखेडच्या रस्त्यावर ही दुसरी घळ. इथे विंचरणा नदी कड्यावरून स्वतःला झोकून देते. तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. वरून बघितले तर पायऱ्या उतरणारी माणसे बोटाएवढी दिसतात. उतरताना गार वाफ अंगावर येते आणि आवाज इतका, की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. अम्मी सत्तरीला आलेली. ती निम्म्या पायऱ्यांवर बसली आणि तिथूनच पोरांवर ओरडत राहिली, म्हणजे ओरडल्याचे दिसत होते.

परतताना धाकट्याने एक गोष्ट सांगितली जी आम्हाला या वयापर्यंत कुणी सांगितली नव्हती. बालाघाट म्हणजे घराचे आढे आहे. पाऊस त्यावर पडतो आणि दोन्ही पाख्यांनी वेगवेगळा वाहून जातो. बिंदुसरा इथेच उगवते, उत्तरेला बीड शहरातून सिंदफणेला आणि पुढे गोदावरीला मिळते. मांजराही पाटोदा तालुक्यातच उगवते. ती आधी पूर्वेला, मग दक्षिणेला लांबच लांब वळसा घेते आणि सातशेहून जास्त किलोमीटर चालून गोदावरीलाच मिळते. पण विंचरणा त्यांची सख्खी बहीण असून उलटी जाते. ती सीनेला, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. एकाच पठारावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब. एक गोदावरीत जातो, एक कृष्णेत. "आणि आपण विंचरणेच्या मागं गेलो," धाकटा म्हणाला. खरेच होते ते. आमचे लोक कोयता घेऊन भीमेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातच उतरत आले, कारण ऊस तिकडे, पाणी तिकडे. आपल्या डोक्यावर पडलेले पाणी जिथे साठते तिथे जाऊन मजुरी करायची, असा हा हिशेब.

त्यावर आम्हाला २०१६ आठवले. मांजरा नदीवर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे आणि लातूर शहर त्याच्या भरवशावर जगते. त्या वर्षी धरण आटले आणि एप्रिलमध्ये कृष्णाकाठच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पाण्याच्या त्या गाडीचे नाव जलदूत. सोलापूरच्या घरी आम्ही ती बातमी बघत होतो तेव्हा हसावे की रडावे कळत नव्हते. आता कळले की सौताड्याच्या कड्यावरून पडणारे पाणी शेवटी ज्या कृष्णेला जाऊन मिळते, त्याच कृष्णेचे पाणी रेल्वेत बसून माहेरच्या बाजूला आले होते.

नायगावच्या रस्त्याला संध्याकाळ झाली. मोर आधी ऐकू आले, मग दिसले. पावसाळा सरत आला की त्यांचा पिसारा झडलेला असतो. मुलांना चित्रातला मोर हवा होता आणि समोर होते ते शेपटी गेलेले, लांडोरीसारखेच दिसणारे, पण निवांत बांधावरून चालणारे मोर. "पिसारा गेला तरी इथंच राहतात?" धाकटीच्या पोराने विचारले. "जातील कुठं? घर आहे त्यांचं," अम्मी म्हणाली. वाटेत सीताफळे घेतली. बालाघाटच्या डोंगरात ती आपोआप येतात, खत नाही की पाणी नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण घाटात पाटीभर फळे घेऊन बसलेल्या बाईला त्याचा अजून पत्ता नव्हता. तिने डझनाला जो भाव सांगितला तो अम्मीने घासाघीस न करता दिला, हे आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या रात्री अम्मी आपणहून बोलू लागली. धाकट्याचा जन्म कोपीतला, हे आम्हाला ठाऊक होते. कसा झाला ते ठाऊक नव्हते. सकाळी फडात मोळ्या बांधल्या, दुपारी कळा सुरू झाल्या, शेजारच्या कोपीतल्या बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. पाचव्या दिवशी ती पुन्हा कामावर, कारण कोयता अर्धा झाला तर उचल फिटत नाही. धाकटा पायाच्या बोटाने माती उकरत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे जन्माच्या गावाला वतन म्हणायचं तर माझं वतन उसात आहे. कुठल्या, ते अम्मीलाही सांगता यायचं नाही." आणि जरा थांबून थोरल्याकडे बघत बोलला ते आम्ही विसरणार नाही. "तुम्हाला ही जमीन फार आवडली. मलाही आवडते. पण तुम्ही इथं दोन रात्री काढता. मला बाकीच्या काढायच्या असतात. पिकअप नाही घेतली तर यंदा ना पुढच्या वर्षी मलाही ट्रकात बसावं लागेल."

यावर बराच वेळ कुणी काही बोलले नाही. दोन दिवसांत थोरल्याच्या मनात जमीन न विकण्याचा विचार आला होता, तसा तो आमच्याही मनात आला होता. दऱ्याकाठी गार वाऱ्यात बसून जमीन राखू म्हणणे सोपे असते. पोटासाठी त्या जमिनीवर राहणारा एकच जण आमच्यात होता, आणि त्याचे म्हणणे बरोबर होते.

मग आम्ही दोघी एकमेकींशी बोललो. बोललो म्हणजे तंबूच्या मागे जाऊन चार वाक्ये. परत येऊन सांगितले की रस्त्याकडचे तुम्ही भाऊ विका. त्यात आमचे काही मागणे नाही. अम्मीचे ३० गुंठे तिला हवे तिथे राहू द्या. पण आम्ही हक्कसोड करणार नाही. आमचे पस्तीस आणि पस्तीस, सत्तर गुंठे, दऱ्याच्या अंगाचे धरा. कसायचे असेल तर धाकट्याने कसावे, सीताफळ लावावे, काही देऊ नये. नाव तेवढे आमचे राहू द्या.

अम्मी कपाळावर हात मारून म्हणाली, "पत्थर लेको क्या करतियाँ गे?" रस्त्याकडच्या एका गुंठ्याला जो भाव होता त्यात आमचे सगळे सत्तर गुंठे आले असते, हे तिलाही कळत होते. थोरला हसला, मग त्याला वाटले की बहिणी रागावल्या आहेत, म्हणून समजूत घालू लागला. आम्ही रागावलो नव्हतो. माहेर तोडायचे नव्हते आणि भावाची गाडीही अडवायची नव्हती. फक्त ज्या कागदावर आमचे नाव आहे त्यावरून ते आमच्याच हाताने पुसून टाकायचे नव्हते. मसल्यात आम्ही मुसाफिर तर मुसाफिर. पण ज्याने मुसाफिराला कसर दिली त्यानेच मुलीचा वाटाही नेमून दिला आहे. दुसरी गोष्ट सोडून पहिलीच तेवढी पाळायची, हे काही बरोबर नाही. थोरल्याने हे ऐकून घेतले. "तलाठ्याकडं नकाशा बघावा लागेल," एवढेच म्हणाला. धाकटा म्हणाला, "दऱ्याकडची बाजू मला माहितीये. दगड रोवून देतो."

सोमवारी पहाटे थंडी होती. दऱ्यातून धुके वर येत होते आणि पलीकडचा कडा दिसत नव्हता. फजरला सगळे उठले, अगदी लहान पोरेही. धाकटा पुढे उभा राहिला. फजरच्या रकाती मुसाफिराला दोन आणि मुकीमालाही दोनच, त्यामुळे कुणी काही विचारले नाही.

ऊन आल्यावर तंबू उतरवले. थोरल्याने ते झटकून, घडी घालून पिशवीत भरले आणि गाडीत ठेवायला निघाला. अम्मीने त्याच्या हातातून पिशव्या घेतल्या. म्हणाली, राहू दे इथेच, माळ्यावर. तिकडे पिंपरीत याचे काय काम आहे? पुढच्या वर्षी कधी येणार ते तिने विचारले नाही. जाताना उंदीर लागू नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला तेवढा आमच्याकडून तोडून घेतला.